लिंक ॲग्रिगेशन: बंडल बांधावं कसं आणि त्यावर नजर ठेवावी कशी

दोन स्विचमध्ये दोन केबल टाकून त्यांचं एक बंडल बांधलं की बहुतेक जण निर्धास्त होतात. एक गेली तरी दुसरी आहेच! गोची इथेच आहे. एक केबल जाते, दुसरी सगळा भार उचलते, कोणाचीही तक्रार येत नाही आणि डॅशबोर्डवर पोर्ट-चॅनल (बंडलचा एकत्रित इंटरफेस) हिरवाच दिसत राहतो. मग कधीतरी दुसरीही जाते, सगळा मजला बंद पडतो, आणि लॉग चाळल्यावर कळतं की पहिली दोन महिन्यांपूर्वीच गेली होती. लिंक ॲग्रिगेशन, म्हणजे असं अनेक लिंकचं मिळून एक बंडल बांधणं, नीट चालतं तेव्हा आवाज करत नाही आणि अर्धं मोडतं तेव्हाही करत नाही. म्हणून या लेखात कॉन्फिगरेशनइतकाच भर देखरेखीवर आहे.

उदाहरणासाठी नेहमीचीच मांडणी घेऊ: तळमजल्यावर डिस्ट्रिब्युशन स्विच (मजल्यांचे स्विच जोडणारा), तिसऱ्या मजल्यावर ॲक्सेस स्विच (लोकांची मशीन जोडणारा), दोन्ही सिस्को कॅटलिस्ट, मध्ये १ गिगाबिटच्या दोन लिंक. एक लिंक आधीपासून चालू आहे, लोक तिच्यावर काम करताहेत. दुसरी नव्याने टाकली आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.

बंडल काय देतं, काय देत नाही

एक गिगाबिटच्या दोन लिंक जोडल्या म्हणजे एका फाइलची कॉपी दुप्पट वेगाने होईल, ही अपेक्षा आधी मनातून काढून टाका. एका संभाषणाच्या फ्रेम ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने पोहोचल्या पाहिजेत, अशी लिंक ॲग्रिगेशनच्या मानकाची अट आहे. म्हणून स्विच प्रत्येक फ्रेमच्या पत्त्यांवरून एक हॅश (गणिताने निघणारा आकडा) काढतो आणि त्या हॅशनुसार मेंबर लिंक (बंडलमधली एक लिंक) ठरवतो. पत्ते तेच तर हॅश तोच, हॅश तोच तर लिंक तीच. एका संभाषणाला कमाल वेग एका लिंकचाच मिळतो. फायदा होतो तो अनेक लोक अनेक ठिकाणी एकाच वेळी बोलत असतात तेव्हा.

हे मानक २००० साली ८०२.३एडी म्हणून आलं आणि २००८ मध्ये ८०२.१एएक्स या क्रमांकाखाली गेलं. तरी कामाच्या ठिकाणी आणि अनेक उपकरणांच्या मेनूमध्ये आजही जुनंच नाव चालतं, त्यामुळे दोन्ही क्रमांक लक्षात असू द्या. सिस्कोच्या जगात याच कल्पनेला इथरचॅनल म्हणतात. ती मुळात 'कल्पना' याच नावाच्या कंपनीची, जी सिस्कोने १९९४ मध्ये विकत घेतली.

लिंकची संख्या ठरवताना एक गोष्ट बघा. कॅटलिस्ट २९६० आणि ३७५० सारख्या स्विचमध्ये हॅशचे आठच कप्पे असतात आणि ते मेंबर लिंकमध्ये वाटले जातात. दोन लिंक असतील तर चार-चार, चार असतील तर दोन-दोन. तीन असतील तर मात्र ३:३:२, म्हणजे एक लिंक कायम कमी वापरली जाणार. पाच लिंकना तर २:२:२:१:१ अशी विषम वाटणी येते. अशा स्विचवर दोन, चार किंवा आठ लिंकच घ्याव्यात.

स्टॅटिक की एलएसीपी?

माझं मत स्पष्ट आहे: समोरचं उपकरण एलएसीपी (बंडल जुळवण्याचा प्रोटोकॉल) बोलत असेल तर एलएसीपीच. स्टॅटिक बंडल, म्हणजे सिस्कोतला 'मोड ऑन', समोरच्याला काहीच विचारत नाही. पोर्टचा दिवा लागला की तो त्या लिंकवर ट्रॅफिक ढकलायला लागतो. मध्ये मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची केबल आणि फायबर जोडणारी डबी) असेल आणि त्याच्या पलीकडची फायबर तुटली, तर बऱ्याच कन्व्हर्टरमध्ये तांब्याच्या बाजूचा दिवा चालूच राहतो. स्विचला वाटतं लिंक ठीक आहे. निम्मं ट्रॅफिक अंधारात जातं. कोणी पॅच पॅनलवर केबल चुकून दुसऱ्याच स्विचला लावली तरी स्टॅटिक बंडलला पत्ता लागत नाही.

एलएसीपीमध्ये दोन्ही टोकं एकमेकांना ठराविक वेळाने छोटी पॅकेट पाठवतात: मी कोण, माझी 'की' (कोणते पोर्ट एकत्र जोडता येतील ते सांगणारा क्रमांक) कोणती, तुझ्याबद्दल मला काय माहीत आहे. सगळ्या मेंबरवर समोर तोच शेजारी असेल तरच बंडल होतं. ही पॅकेट स्लो पद्धतीत दर ३० सेकंदांनी येतात आणि ९० सेकंद काहीच आलं नाही तर लिंक बंडलबाहेर काढली जाते. फास्ट पद्धतीत हेच आकडे १ सेकंद आणि ३ सेकंद.

फास्ट सगळीकडे लावण्याचा मोह होतो. स्विच ते स्विच थेट केबल असेल तर त्याची फारशी गरज नसते, कारण केबल तुटताच पोर्ट खाली जातो आणि स्विचला लगेच कळतं. मध्ये कन्व्हर्टर किंवा सेवा पुरवठादाराचं उपकरण असेल तिथे मात्र फास्ट हवंच. नाहीतर ९० सेकंद निम्मं ट्रॅफिक हरवत राहील. उलट बाजूने, स्टॅकचा (एक म्हणून चालणाऱ्या स्विचच्या गटाचा) मास्टर बदलताना किंवा सीपीयू तुंबलेला असताना तीन सेकंदांची मुदत चुकू शकते आणि धडधाकट लिंक विनाकारण बाहेर पडते. गरज बघून ठरवा.

ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह या दोन मोडबद्दल फार विचार करू नका. दोन्ही बाजू ॲक्टिव्ह ठेवा. पॅसिव्ह बाजू स्वतःहून बोलत नाही, त्यामुळे दोन्हीकडे पॅसिव्ह असेल तर बंडल कधीच होत नाही.

स्टॅटिकला पर्याय नसतो अशी एक जागा मात्र नेहमी भेटते: व्हीएमवेअरचा साधा स्टँडर्ड व्हीस्विच (व्हर्च्युअल मशीनसाठीचा सॉफ्टवेअर स्विच). त्याला एलएसीपी येत नाही. तिथे 'रूट बेस्ड ऑन आयपी हॅश' निवडून स्विचवर मोड ऑन करावा लागतो. एलएसीपी हवं असेल तर डिस्ट्रिब्युटेड स्विच लागतो.

हात लावण्याआधी

दोन्ही केबल एकाच डक्टमधून नेल्या असतील तर बंडलचा निम्मा अर्थ गेला. इमारतीच्या आत राइजर वेगळे घ्या. दोन इमारतींमध्ये फायबर असेल तर मार्गच वेगळे घ्या. आपल्या शहरांत रस्ता कुठला ना कुठला खोदलेला असतोच आणि जेसीबीचा एक फावडा डक्टमधल्या सगळ्या फायबर एकदम घेऊन जातो.

मेंबर पोर्टची सेटिंग तंतोतंत सारखी असावी लागतात: वेग, डुप्लेक्स, ॲक्सेस (एकाच व्हीलॅनचा, म्हणजे एकाच आभासी नेटवर्कचा) की ट्रंक (अनेक व्हीलॅनचा), नेटिव्ह व्हीलॅन (ट्रंकवर टॅगशिवाय जाणारा), परवानगी असलेल्या व्हीलॅनची यादी. एखादा व्हीलॅन इकडेतिकडे झाला तरी पोर्ट सस्पेंड होतो. दोन्ही स्विचच्या रनिंग कॉन्फिगची प्रत काढून ठेवा, दोन्ही टोकांना केबलवर लेबल लावा, आणि स्पॅनिंग ट्री (दोन मार्ग झाले तर एक रोखून लूप टाळणारी व्यवस्था) चालू आहे याची खात्री करून घ्या. पुढची सगळी पद्धत स्पॅनिंग ट्रीच्या भरवशावर आहे.

दूरच्या स्विचवर काम करताना 'रीलोड इन १५' देऊन सुरुवात करावी. मधे संपर्क तुटला तर पंधरा मिनिटांनी स्विच स्वतः रीबूट होऊन जुन्या सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर येतो. काम नीट झालं की 'रीलोड कॅन्सल', आणि मगच सेव्ह. ही शिस्त पाळली तर रात्री अकरा वाजता कोणाला किल्ली घेऊन रॅकपर्यंत धावावं लागत नाही.

चालू लिंक न तोडता बंडल बांधणं

समजा चालू लिंक दोन्हीकडे पोर्ट २३ वर आहे आणि नवी २४ वर. सरधोपटपणे दोन्ही पोर्ट एकदम निवडून चॅनल-ग्रुप (पोर्ट बंडलमध्ये घालणारी कमांड) दिला तर दूरच्या स्विचचा संपर्क तिथेच तुटण्याची शक्यता मोठी. त्यापेक्षा आधी फक्त नव्या लिंकचं एका मेंबरचं बंडल करा, ट्रॅफिक त्यावर सरकवा, मग जुनी लिंक त्यात आणा.

दोन्ही स्विचवर, आधी दूरच्या आणि मग जवळच्या:

इंटरफेस गिगाबिटइथरनेट १/०/२४
शटडाऊन
स्विचपोर्ट मोड ट्रंक
स्विचपोर्ट ट्रंक नेटिव्ह व्हीलॅन ९९
स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन १०,२०,३०,९९
चॅनल-ग्रुप १ मोड ॲक्टिव्ह

शेवटच्या ओळीसरशी 'पोर्ट-चॅनल १' हा इंटरफेस आपोआप तयार होतो. त्यावर डिस्क्रिप्शन लिहा, समोरच्या स्विचचं नाव आणि पोर्टसकट. मग दोन्हीकडे २४ ला 'नो शटडाऊन' द्या.

आता दोन स्विचमध्ये दोन वेगळे मार्ग झाले: जुना पोर्ट २३ आणि नवा पोर्ट-चॅनल. स्पॅनिंग ट्री त्यातला एक ब्लॉक करतं, त्यामुळे लूप होत नाही. इथे थांबून 'शो इथरचॅनल समरी' बघा. पोर्ट २४ पुढे पी हे अक्षर दिसलं तरच पुढे जा.

दूरच्या स्विचवर पोर्ट २३ बंद करा. रॅपिड पीव्हीएसटी ही स्पॅनिंग ट्रीची वेगवान पद्धत असेल तर ट्रॅफिक जवळजवळ तत्काळ पोर्ट-चॅनलवर येतं. जुनं पीव्हीएसटी असेल तर सुमारे ३० सेकंद सेशन गोठतं, घाबरून काही दाबू नका. संपर्क परत आला की दूरच्या पोर्ट २३ वर, तो बंद असतानाच, चॅनल-ग्रुपची ओळ द्या. मग जवळच्या स्विचवर २३ बंद करून तेच करा. दोन्हीकडे ट्रंकची सेटिंग २४ सारखीच आहेत हे नजरेने ताडून पाहा आणि मग दोन्हीकडे 'नो शटडाऊन'. काही सेकंदांत दुसरा मेंबरही बंडलमध्ये येतो.

यापुढे व्हीलॅनचा कुठलाही बदल पोर्ट-चॅनल इंटरफेसवरच करायचा. तो मेंबर पोर्टवर आपोआप उतरतो. एका मेंबरवर थेट बदल केलात तर तो बाकीच्यांशी जुळेनासा होतो आणि सस्पेंड होतो. आणि नवा व्हीलॅन जोडताना 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ४०' असं लिहा. त्यातला 'ॲड' राहिला तर जुनी यादी पुसून एकटा ४० उरतो आणि तिसरा मजला त्या क्षणी गप्प होतो. साध्या ट्रंकवरही हे घडतं, पण अपलिंकच्या बंडलवर त्याची किंमत जास्त मोजावी लागते.

हॅश कशावर?

इथे बरेच जण काहीच करत नाहीत, आणि मग दोन लिंकपैकी एक ओसंडून वाहते, दुसरी रिकामी पडते. २९६० सारख्या स्विचवर डीफॉल्ट हॅश फक्त सोर्स मॅकवर (पाठवणाऱ्याच्या नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावर) असतो. आता विचार करा: सर्व्हरकडून किंवा इंटरनेटवरून वापरणाऱ्यांकडे येणारं ट्रॅफिक गेटवेतून राउट होऊन येतं, म्हणजे त्या प्रत्येक फ्रेमचा सोर्स मॅक गेटवेचाच. एकच मॅक, एकच हॅश, एकच लिंक. दुसरी केबल फक्त शोभेची. आयपीवर गेलं की हा प्रश्न सुटतो:

पोर्ट-चॅनल लोड-बॅलन्स एसआरसी-डीएसटी-आयपी

ही कमांड ग्लोबल आहे, म्हणजे त्या स्विचवरच्या सगळ्या बंडलना लागू होते. आणि प्रत्येक स्विच फक्त स्वतःहून बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकचा निर्णय घेतो. दोन्हीकडे एकच पद्धत असायलाच हवी असं नाही, पण दोन्हीकडे विचार करून ठरवलेली हवी. काही मॉडेलमध्ये टीसीपी-यूडीपी पोर्टही हॅशमध्ये घेता येतात. दोनच सर्व्हर एकमेकांशी भरपूर बोलत असतील, उदाहरणार्थ बॅकअप, तर तो पर्याय खरोखर उपयोगी पडतो, कारण तिथे आयपीची जोडी एकच असते.

कुठली जोडी कुठल्या लिंकवर जाते हे बऱ्याच कॅटलिस्टवर थेट विचारता येतं:

टेस्ट इथरचॅनल लोड-बॅलन्स इंटरफेस पोर्ट-चॅनल १ आयपी १०.१०.२०.१५ १०.१०.५०.८

उत्तरात निवडलेल्या मेंबर पोर्टचं नाव येतं. ही कमांड लक्षात ठेवा, पुढे तिचं खरं काम आहे.

बंडल खरंच झालंय का?

'शो इथरचॅनल समरी' मध्ये पीओ१ पुढे एसयू हवं: कॅपिटल एस म्हणजे लेयर २, यू म्हणजे वापरात. मेंबर पोर्टपुढे पी हवा. बाकी अक्षरं ओळखून ठेवा. डी म्हणजे पोर्टच खाली. स्मॉल एस म्हणजे सस्पेंडेड. आय म्हणजे पोर्ट एकटाच चालतोय, बहुधा समोरून एलएसीपी येतच नाही. एच म्हणजे हॉट-स्टँडबाय, एकावेळी आठच मेंबर चालू राहतात तेव्हा उरलेल्यांना हे मिळतं. पीओ१ पुढे एसयू दिसत असताना एका मेंबरपुढे डी असू शकतो. म्हणून नजर आधी उजवीकडच्या मेंबरच्या रकान्यात जायला हवी.

एवढ्यावर थांबू नका. 'शो एलएसीपी नेबर' मध्ये दोन्ही पोर्टवर समोरच्याचा सिस्टिम आयडी एकच आहे का ते बघा. आणि 'शो एलएसीपी इंटर्नल' मध्ये शेवटचा रकाना स्टेटचा असतो. तिथे ०एक्स३डी दिसलं तर सगळं उत्तम. हा आकडा म्हणजे आठ बिटांची खुणांची पट्टी आहे: ॲक्टिव्ह आहे, जोडता येतं, जुळलं आहे, घेतो आहे, पाठवतो आहे. फास्ट लावलं असेल तर आणखी एक बिट चढून ०एक्स३एफ होतं. ४० चा बिट चढलेला दिसला, समजा ०एक्स४५, तर शेजाऱ्याकडून काहीच आलेलं नाही आणि स्विच गृहीत धरलेल्या माहितीवर चालला आहे. ८० चा बिट म्हणजे आधी बोलणारा शेजारी आता गप्प झाला.

मग प्रत्यक्ष केबल काढून बघा. मेंटेनन्स विंडोमध्ये, एका लॅपटॉपवरून सतत पिंग चालू ठेवून, आधी २३ उपटा, परत लावा, पी परत आल्याची खात्री करा, मग २४ उपटा. दुसरी काढण्याआधी पहिली बंडलमध्ये परतली की नाही हे बघायला विसरू नका. ही चाचणी टाळली जाते कारण बंडल चालू दिसत असतं. पण कामाच्या दिवशी दुपारी जे कळणार, ते शांतपणे रात्री कळलेलं बरं.

सर्व्हरच्या बाजूला

लिनक्सवर बाँडिंगचा मोड ४, म्हणजेच ८०२.३एडी, घ्या. मिमॉन (लिंक तपासण्याचं अंतर) १०० मिलिसेकंद ठेवा. हॅशचं डीफॉल्ट धोरण लेयर२ (मॅक) आहे, ते बहुतेक ठिकाणी लेयर३+४ (आयपी आणि टीसीपी-यूडीपी पोर्ट) करणं फायद्याचं. तुकडे झालेल्या पॅकेटच्या बाबतीत हे धोरण मानकाला पूर्ण धरून नाही, पण रोजच्या वापरात त्याचा त्रास क्वचितच होतो.

तपासायला 'प्रॉक' खालच्या 'नेट', 'बाँडिंग' या फोल्डरमधली बाँड०ची फाइल उघडा. तिथे तीन गोष्टी वाचायच्या. पार्टनर मॅकमध्ये सगळी शून्यं असतील तर स्विच एलएसीपी बोलत नाहीये. दोन्ही कार्डांचा ॲग्रिगेटर आयडी वेगळा असेल तर बंडल एक झालेलंच नाही, त्यातला एकच ॲग्रिगेटर काम करतोय. आणि लिंक फेल्युअर काउंट वाढत असेल तर ती केबल संशयित. ॲग्रिगेटर वेगळे निघण्याचं नेहमीचं कारण म्हणजे एक केबल एका स्विचला आणि दुसरी दुसऱ्या स्वतंत्र स्विचला लावलेली असणं. दोन स्विचवर पसरलेलं बंडल हवं असेल तर ते स्विच स्टॅकमध्ये हवेत किंवा त्यांच्यात एमलॅग, सिस्कोच्या नेक्सस स्विचच्या भाषेत व्हीपीसी, हवं.

नवा सर्व्हर नेटवर्कवरून बूट होऊन इन्स्टॉल व्हायचा असेल, तर त्या वेळी त्याला एलएसीपी येत नसतं आणि पोर्ट सस्पेंड होतो. नेक्ससवर पोर्ट-चॅनलखाली 'नो एलएसीपी सस्पेंड-इंडिव्हिज्युअल' दिलं की तो पोर्ट तात्पुरता एकटा चालतो.

देखरेख: मेंबर बघा, बंडल नव्हे

लिब्रेएनएमएस, झॅबिक्स, जे काही वापरता त्यात मेंबर पोर्टचा आलेख स्वतंत्र हवा. बंडलचा वापर ५० टक्के दिसतो तेव्हा एक मेंबर १०० वर आणि दुसरा शून्यावर असू शकतो. दोन्ही मेंबर एकाच आलेखावर एकावर एक काढा, असमतोल एका नजरेत दिसतो.

एसएनएमपी या उपकरणांची आकडेवारी वाचण्याच्या प्रोटोकॉलवरून मोजताना ६४ बिटांचे काउंटर, म्हणजे नावात एचसी असलेले, वापरा. ३२ बिटांचा काउंटर १ गिगाबिटच्या भरलेल्या लिंकवर साधारण ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. पाच मिनिटांनी वाचलेल्या अशा काउंटरमधून निघणारा आलेख निव्वळ खोटा असतो. रीबूटनंतर इंटरफेसचे क्रमांक बदलून आलेख दुसऱ्याच पोर्टचा होऊ नये म्हणून 'एसएनएमपी-सर्व्हर इफइंडेक्स पर्सिस्ट' लावून ठेवा.

अलार्म दोन लावा. पहिला, प्रत्येक मेंबर पोर्ट खाली गेल्याचा. दुसरा मला फार आवडतो: पोर्ट-चॅनलच्या इफहायस्पीड या मूल्यावर. हे मूल्य चालू मेंबरच्या वेगाची बेरीज असतं, मेगाबिटमध्ये. दोन लिंक असताना २०००, एक पडली की १०००. पोर्टचा दिवा चालू असूनही एलएसीपीने मेंबर बाहेर काढला असेल तर पहिला अलार्म गप्प राहतो, हा दुसरा पकडतो. इंटरफेसवर 'बँडविड्थ' हाताने टाकलेली नसावी एवढंच पथ्य. टाकली असेल तर आकडा हलत नाही.

सिसलॉगमध्ये (स्विचच्या संदेशांच्या नोंदीत) 'ईसी-५-अनबंडल' या संदेशावर लक्ष ठेवा: पोर्टने बंडल सोडलं. 'ईसी-५-कॅनॉट_बंडल२' आला तर कुठलं सेटिंग जुळत नाही ते त्याच ओळीत लिहिलेलं असतं, नीट वाचा. छोट्या कार्यालयात देखरेखीची प्रणाली नसेल तर रोज सकाळी समरीची प्रत काढून कालच्याशी ताडणारी चार ओळींची स्क्रिप्टसुद्धा पुरते.

क्षमतेचा हिशेब वेगळा. दोन लिंकच्या बंडलचा उच्चांक ५० टक्क्यांच्या वर गेला की राखीव मार्ग संपला, कारण एक लिंक पडल्यावर दुसरीला ते पेलणार नाही. चार लिंकसाठी ही रेघ ७५ टक्क्यांवर. मी इशारा त्याच्या थोडा आधीच लावतो. पाच मिनिटांच्या सरासरीत क्षणिक गर्दी दिसत नाही, म्हणून मेंबरवरचे आउटपुट ड्रॉपही मोजत राहा.

'काहींचंच नेट स्लो आहे'

बंडलमधला सगळ्यात छळणारा दोष केबल पूर्ण तुटण्याचा नसतो, अर्धवट खराब होण्याचा असतो. फायबरच्या तोंडावर धूळ बसली, क्रिम्पिंग ढिलं झालं, आणि एका मेंबरवर सीआरसीच्या चुका (वाटेत बिघडलेल्या फ्रेम) यायला लागल्या. पोर्ट चालूच आहे, एलएसीपीची छोटी पॅकेट बहुतेक वेळा पोहोचतात, त्यामुळे बंडल शाबूत. पण त्या लिंकवर ज्यांचा हॅश पडतो त्यांचंच काम रखडतं. एका टेबलावरून फाइल सर्व्हर अडखळतो पण मेल ठीक. शेजारच्या टेबलावर नेमकं उलट. तुम्ही स्वतःच्या मशीनवरून पिंग करता, ते स्वच्छ येतं, कारण तुमची जोडी चांगल्या लिंकवर आहे. तक्रार करणाऱ्याला 'तुमच्याच लॅपटॉपमध्ये काहीतरी आहे' असं सांगून परत पाठवलं जातं, आणि तो बिचारा बरोबर असतो.

अशी निवडक तक्रार आली की तक्रार करणाऱ्याचा आयपी आणि सर्व्हरचा आयपी घ्या आणि वरची टेस्ट कमांड चालवा, दोन्ही स्विचवर, परतीच्या दिशेने आयपी उलटे करून. दोन-तीन तक्रारी एकाच मेंबरवर पडल्या तर चोर सापडला. मग 'शो इंटरफेसेस काउंटर्स एरर्स' मध्ये त्या पोर्टचा एफसीएस-एररचा (म्हणजे त्याच सीआरसी चुकांचा) रकाना दोनदा, काही मिनिटांच्या अंतराने बघा. चूक मोजली जाते घेणाऱ्या बाजूला, त्यामुळे दोन्ही स्विच बघावे लागतात. फायबर असेल तर 'शो इंटरफेसेस ट्रान्सीव्हर' मधून दोन्ही मेंबरची येणारी प्रकाशशक्ती ताडा. सारख्याच लांबीच्या दोन फायबरमध्ये ३ डीबीचा फरक म्हणजे एकीकडे निम्माच प्रकाश पोहोचतोय.

पुरावा मिळाला की तो मेंबर 'शटडाऊन' करा. हॅशचे कप्पे उरलेल्या लिंकवर जातात आणि तक्रारी थांबतात. आता निवांतपणे फायबरचं तोंड साफ करा, पॅच कॉर्ड बदला, मग एसएफपी (फायबर लावायचं मॉड्यूल) बदला. एकावेळी एकच गोष्ट, म्हणजे दोष कशात होता ते कळतं.

बाकीचे दोष पटकन ओळखू येतात. पोर्ट एरर-डिसेबल झाला (स्विचने चूक पाहून स्वतः बंद केला) आणि कारण 'चॅनल-मिसकॉन्फिग' असेल, तर एका बाजूला स्टॅटिक बंडल आहे आणि दुसऱ्या बाजूला सुटे पोर्ट. एकच मॅक दोन पोर्टमध्ये उड्या मारतोय असे मॅकफ्लॅपचे संदेश येत असतील तरी संशय तिथेच घ्या. स्मॉल एस दिसला तर व्हीलॅनची यादी आधी ताडा.

दुसऱ्या कंपन्यांचे स्विच जोडताना तत्त्व तेच राहतं. जुनिपरवर बंडलचं नाव एई० असं असतं आणि आधी चॅसिसखाली अशा इंटरफेसची संख्या जाहीर करावी लागते, नाहीतर तो उगवतच नाही. प्रोकर्व्ह घराण्यातल्या अरुबा स्विचवर 'ट्रंक' म्हणजे बंडल, सिस्कोतला अनेक व्हीलॅनचा ट्रंक नव्हे. 'ट्रंक १-२ टीआरके१ एलएसीपी' यातलं शेवटचं एलएसीपी राहिलं तर ते स्टॅटिक होतं. मायक्रोटिकवर बाँडिंग इंटरफेसचा मोड ८०२.३एडी निवडून हॅशचं धोरणही बघून घ्या.

बंडल मोडताना

बांधण्यापेक्षा मोडताना जास्त अपघात होतात. 'नो चॅनल-ग्रुप' देताच तो पोर्ट सुटा होतो. समोरच्या बाजूला बंडल स्टॅटिक असेल तर लूप व्हायला वेळ लागत नाही. म्हणून आधी एक सोडून बाकी सगळे मेंबर दोन्हीकडे बंद करा आणि मगच त्यांच्यावरचा चॅनल-ग्रुप काढा. त्यातला एक पोर्ट साधा ट्रंक म्हणून दोन्हीकडे तयार करून चालू करा, स्पॅनिंग ट्रीला एक मार्ग ब्लॉक करू द्या, मग बंडलमधला शेवटचा मेंबर बंद करा. सगळ्यात शेवटी 'नो इंटरफेस पोर्ट-चॅनल १'. देखरेखीतून त्याचा अलार्म आणि पॅच पॅनलवरची जुनी लेबलं त्याच दिवशी काढून टाका.